तांब्याच्या हंड्यातलं पाणी

आई, तुझ्या तांब्याच्या हंड्यातल्या पाण्यानं माझ्या टाकीतल्या दोन कोळंब्या मारल्या, म्हणून लिहायला बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मागून दादाही गेला, आपली डोंबिवलीची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला. पण तुझा हंडा नव्या स्वयंपाकघरातही त्याच रुबाबात तिवईवर बसला आहे, आणि त्याच्या पाण्याबद्दल तू जे सांगून ठेवलंस ते या घरात अजून कायदा म्हणून चालतं. मला राग आला आहे. वहिनींवर काढायचा तेवढा काढून झाला, तरी उरला आहे, आणि उरलेला तुझ्या वाट्याचा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी लिहिणं-वाचणं बंद ठेवायला सांगितलंय. जाड पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. ओळी वाकड्या गेल्या तर बोलू नकोस.

तू विचारशील, घरात कोळंबी मेलेली नसते तर काय जिवंत असते? आमच्याकडे असते. निवृत्त झाल्यावर एकदा दाढेचं काम करायला ठाण्याला नौपाड्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, बसायच्या बाकासमोर काचेची टाकी होती. आत खाऱ्या पाण्यात दगड, दगडांवर पोवळी, आणि एका कपारीत लाल अंगाची, पाठीवर पांढरी रेघ असलेली कोळंबी लांब पांढऱ्या मिशा हलवत उभी. एक मासा तिच्यापुढे येऊन थांबला, त्यानं तोंड उघडलं आणि ही चक्क त्याच्या तोंडात पाय घालून साफसफाई करायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही माझी असिस्टंट, काकू. पगार घेत नाही, रजा मागत नाही." मी दाढ विसरले. कोळंबीवर परीक्षा दिलेली बाई मी, तिचे अवयव एकेक जोडी सुटे करून कार्डावर लावलेले, पण जिवंत कोळंबी काम करताना मी पहिल्यांदा पाहत होते. तेव्हा कॉलेजात आम्हाला ती दाखवली ती बर्फातली. त्याच वर्षी मी हॉलमध्ये छोटी टाकी मांडली आणि तशा तीन कोळंब्या आणल्या. दोन नारंगी पट्ट्यांचे मासे त्यांच्या सोबतीला.

हे प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही. समुद्र घरात तयार करावा लागतो. आरओच्या मशीनचं पाणी घ्यायचं, त्यात त्यासाठीच मिळणारं मीठ मोजून घालायचं, ते नीट विरघळू द्यायचं. पुढे टाकीतलं पाणी उडून कमी होत जातं, पण मीठ उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची, तीही रोज थोडी थोडी. मासा चार चुका पोटात घालतो. कोळंबी एकही घालत नाही. पाणी अचानक बदललं की ती आडवी. माझा स्वभाव तुला माहीत आहे. अशी शिस्तीची जनावरं मला आवडली.

वहिनींना आवडली नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या आल्या-गेल्यांना "आमच्या वन्संनी कोळंब्या पाळल्यात, आम्हाला मात्र बाजारातून आणून खाव्या लागतात" असं सांगून हसवतात, पण सकाळी देवपूजा झाली की पहिलं टाकीपाशी जातात. एकदा त्या अशाच किंचाळत माझ्या खोलीत आल्या. "वन्सं, मोठी गेली हो! पांढरीफटक पडलीये!" मी जाऊन पाहिलं तर तळाशी नुसतं पोकळ कवच पडलेलं, मिशांसकट, आणि कोळंबी मागच्या कपारीत नव्या अंगानं बसलेली. मी म्हटलं, "वहिनी, कात टाकलीय तिनं. मेलेलं आणि टाकलेलं यातला फरक कळत नाही? पुन्हा असा आरडाओरडा करून मला उठवायचं नाही." त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, बरं झालं, शिकल्या. हे वाक्य मी कुठून उचललं होतं ते तुला सांगायला नको. घरात या सुरात बोलणारी माझ्याआधी एकच होती.

तुझी आठवण यायची तर नेहमी स्वयंपाकघरातूनच येते. मी बीएस्सीला आहे. दुसऱ्या दिवशी कोळंबीचं प्रॅक्टिकल. मासळीवालीकडून मी माझ्या पैशांनी मोठ्या कोळंब्यांचा वाटा आणलाय आणि ओट्यावर जुन्या ताटलीत मेण ओतून त्यावर त्या टाचण्यांनी टोचून ठेवल्यात. चिमट्यानं एकेक पाय वेगळा करते आहे, नावं पुटपुटते आहे. तू मागे येऊन उभी आहेस हे मला कळतच नाही. तू म्हणतेस, "झालं शिकून? मग सोलून दे, वाटण तयार आहे." मी म्हणते, "आई, या अभ्यासाच्या आहेत." तू म्हणतेस, "अभ्यास डोक्यात ठेवायचा. ओट्यावर जेवण ठेवायचं." त्या रात्री दादानं माझ्या अभ्यासाचं कालवण दोनदा मागून घेतलं आणि वर म्हणाला, "काय गं, उद्या बेडकाचं प्रॅक्टिकल नाही ना?" तू हसलीस. मी पानावरून उठले, तर तू हाक मारलीस ती मला बोलवायला नाही, "ताट उचलून ठेव" हे सांगायला.

बरं, तू नुसती कडक असतीस तर हे पत्र सोपं झालं असतं. मला पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा, रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, माझ्या उशाशी एक पांढरा कोट घडी करून ठेवलेला होता. तू शिवलेला. बटणं पुरुषी बाजूला लावली होतीस, कारण नमुना म्हणून तू कुठल्याशा डॉक्टरांचा कोट पाहून आली होतीस. कोणाचा, कुठे, काय सांगून पाहिलास ते कधी बोलली नाहीस. मी "आई, किती छान" म्हटलं तर तू म्हणालीस, "बाही आखूड झाली असेल तर आत्ताच सांग, नंतर वेळ नाही मला." तो कोट मी कितीतरी वर्षं घातला. उलट्या बटणांवरून लोक चेष्टा करायचे, त्यांना मी तुझ्याच सुरात गप्प करायची.

आणि मग तो दिवस, ज्याच्यासाठी मी आज तुला जाब विचारते आहे. गावात जुलाबाची साथ होती. मी रोज घरी ओरडायचे की पाणी उकळून प्या. तू म्हणायचीस, हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला उकळायची गरज नसते, माझ्या सासूनं कधी उकळलं नाही. एका दुपारी माझ्या साहेबांसमोर, सगळ्या स्टाफसमोर, तू प्रयोगशाळेच्या दारात उभी. पिशवीतून सरबताची धुतलेली बाटली काढलीस आणि टेबलावर ठेवलीस. "हे तपास. मुलगी म्हणून सूट देऊ नकोस." मी लाजेनं लाल झाले होते, पण तपासलं. शेजारी आपल्याच नळाचं पाणीही तपासायला लावलं. नळाच्या पाण्यात जंतू वाढले, तुझ्या पाण्यात काही वाढलं नाही. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मान वरही केली नाहीस. "मला माहीत होतं. तुला कळावं म्हणून आणलेलं." मी पुढचं सांगायला लागले, आई, तांब्याचा अंश पाण्यात उतरतो, जंतू मरतात ते त्यानं, म्हणजे त्या बारीक जिवांना ते विषच आहे, माणसाला इतक्यानं काही होत नाही म्हणून आपण पितो. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "शुद्ध आहे म्हणालीस ना? मग बस झालं."

बस झालं! दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगभर एकच घोष. आमच्या हंड्याचं पाणी प्रयोगशाळेत पास झालंय, माझ्या मुलीनं स्वतः तपासलंय. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना घरातली माणसं ओळखीची व्हायच्या आधी हंडा ओळखीचा करून दिलास. चिंचेनं घासायचा, रात्री भरायचा, सकाळी देवाला आणि माणसाला यातलंच. माझ्या तपासणीचा अर्धा निकाल तू घराघरात वाटलास आणि अर्धा तव्याखाली जाळलास. तो अर्धा पुरून उरला बघ.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदूही पिकत आला आहे, त्यामुळे मला जवळचं धड काही दिसत नव्हतं. टाकीचं काम वहिनींकडे दिलं. सांगितलं काय, तर "रोज या खुणेपर्यंत पाणी भरा, आणि लक्षात ठेवा, यांना घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी लागतं." एवढंच. त्यांनी "का?" म्हणून विचारायला तोंड उघडलं होतं, मला आठवतं. मी म्हटलं, "सांगते तेवढं करा." त्याच आठवड्यात आमच्याकडे पाणी बंद. नळाला दाब नाही, आरओचं मशीन चालेना, साठवलेला कॅन संपला. सोसायटीनं टँकर मागवला, त्याचं पाणी मातकट. वहिनी विचारात पडल्या. घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी कोणतं? ते तर या घरात कधीच ठरून गेलेलं होतं. मागे प्रयोगशाळेत पाससुद्धा झालेलं. त्यांनी देवाला ठेवतात त्याच फुलपात्रानं, रोज सकाळी अंघोळ करून, तुझ्या हंड्यातलं पाणी माझ्या टाकीत ओतलं. स्वतः मात्र टँकरचं उकळून प्यायल्या. हंड्यातलं पुरावं म्हणून.

मला कळलं ते वासावरून. हॉलमध्ये आले तर बाजाराच्या कोपऱ्यात येतो तसा वास. "वहिनी, टाकीत काय मेलंय?" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मेलं कुठे? दोघी आडव्या पडल्यात कालपासून. आधी नुसत्या झटके देत होत्या. कपडे बदलत असतील म्हणून मी बोलले नाही."

"दोन दिवस? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हीच म्हणालेलात ना, आरडाओरडा करायचा नाही."

त्यानंतर मी जे बोलले ते लिहीत नाही. तुझ्याकडून शिकलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. पाण्यातलं तांबं तपासायच्या थेंबांची बाटली माझ्याकडे होती. वहिनींनी थेंब घातले, रंग त्यांनीच पाहून सांगितला: तांबं होतं. हंड्याची गोष्ट तेव्हा बाहेर आली. मी पुन्हा सुरू झाले, तशा त्या हातातली बाटली ठेवून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या कधी अशा उभ्या राहिल्या नव्हत्या, तुझ्यासमोर नाही आणि माझ्यासमोरही नाही. म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या, हंड्यातलं पाणी घरातलं सगळ्यात शुद्ध. तुम्ही म्हणालात, सगळ्यात शुद्ध पाणी घाला. मी दोघींचं ऐकलं. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, तुम्हीही नाही. आता माझ्यावर ओरडताय, ते त्यांच्या वतीनं की तुमच्या?"

बघ, आई, तुला मी काय म्हणते आहे ते. तू मला भाकरी थापता थापता गप्प केलंस. मी शिकलेली, पाणी तपासून पोट भरलेली, ते गप्प करणं तेवढं नीट शिकले आणि घरात पुढे चालवलं. तुझ्यावरचा माझा राग यानं कमी होत नाही. उलट दुप्पट होतो, कारण त्यातला वाटा आता मलाही द्यावा लागतो.

पण भांडायला वेळ नव्हता. तिसरी जिवंत होती. सगळ्यात मोठी, वरच्या कपारीत राहणारी, आणि तिच्या पोटाखाली हिरवट अंड्यांचा झुबका होता. तांबं एकदा दगडात आणि वाळूत मुरलं की ते सहज निघत नाही. मासे तग धरतील, कोळंबी नाही. त्या टाकीत ती राहिली असती तर एक-दोन दिवसांची सोबतीण. मी नौपाड्यात डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काकू, बोलत बसू नका, लगेच घेऊन या." वहिनींनी बाही वर करून, आयुष्यात पहिल्यांदा, टाकीत हात घातला आणि तिला आईस्क्रीमच्या मोठ्या डब्यात घेतलं. मी शेजारी उभी राहून सूचना देत होते आणि या वेळी प्रत्येक सूचनेमागचं कारणही सांगत होते. झाकणाला भोकं का, डब्यात पाणी अर्धंच का, हलवायचं का नाही. वहिनी म्हणाल्या, "सांगा, सांगा, थांबू नका. सांगितलं की माझा हात चुकत नाही."

रिक्षावाला ओळखीचा निघाला, कोपऱ्यावरच्या स्टँडचा. वहिनींच्या मांडीवरचा डबा पाहून म्हणाला, "काय मावशी, खेकडे?"

"कोळंबी. जिवंत आहे."

"एकच? एका कोळंबीसाठी ठाण्याला? इथे मार्केटला वाटा घ्यायचा ना!"

"खायची नाही रे ती. पोटुशी आहे. खड्डे बघून घे."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं असावं. मी काळ्या चष्म्यात, ताठ बसलेली. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो हळू चालवायला लागला. शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो. उकाडा होता. वहिनी पदर ओला करून डब्याभोवती गुंडाळत होत्या आणि मधूनच झाकण किलकिलं करून आत बघत होत्या. तिथे, हॉर्नच्या गोंगाटात, त्यांनी मला विचारलं, "वन्सं, तांबं आपल्याला चालतं, मग हिला का नाही?" मी सांगितलं. आपल्या रक्तात लोह असतं, कोळंबीच्या रक्तात तांबंच असतं, म्हणून तिचं रक्त निळसर. तिला ते लागतं, पण तिच्या मापानं. बाहेरून जास्त आलं की तिला ते झेपत नाही. वहिनींनी डब्याभोवतीचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "म्हणजे तिच्या अंगातलंच तिला बाधलं." रिक्षावाला म्हणाला, "असंच असतं मावशी, मला माझ्या घरचेच बाधतात." वहिनी इतक्या हसल्या की मला डब्याची काळजी वाटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एका पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवलं होतं, त्याला तसाच सोडून त्या बाहेर आल्या. नव्या पाण्याची सवय थेंबाथेंबानं करून द्यावी लागते. त्यांनी सलाईनची नळी लावून आपल्या टाकीतलं पाणी डब्यात ठिबकत ठेवलं. वहिनी डब्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "सलाईन लावलं हो बाईला," त्यांनी बाकावरच्या सगळ्या पेशंटना जाहीर केलं. मी वाकून पाहू शकत नव्हते. पाहिलं असतं तरी डबा आणि त्यात एक लालसर डाग, यापलीकडे मला काही दिसलं नसतं. मी विचारत राहिले. "मिशा हलतायत?" "हलतायत." "अंडी?" "आहेत." "नीट बघा." "वन्सं, नीटच बघतेय." शेवटी तिला टाकीत सोडलं. मी काचेला नाक लावून उभी होते आणि माझ्यासमोर फक्त निळं, धूसर काहीतरी होतं. वहिनी कानाशी सांगत होत्या, खाली गेली, दगडाला धरलं, मागे सरकली, आता उभी राहिली. मासा आलाय तिच्यापुढे. तोंड उघडतोय.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. ते कुठेच जाणार नाही. उद्या वहिनी वाचून दाखवा म्हणाल्या तरी मी दाखवणार नाही. पण काय दिलं, कोणी दिलं हे तुला कळवायला हवं, कारण चुकीच्या माणसाच्या नावावर श्रेय जाऊ देणं तुला कधी खपलं नाही.

आज दिलं ते असं. कोळंबी एक, लाल, पाठीवर पांढरी रेघ, जिवंत, पोटाखाली अंडी. तिच्या खाण्याची डबी, निम्मी भरलेली. मिठाची पिशवी, न फोडलेली. ठिकाण नौपाडा, दातांचा दवाखाना. घेणाऱ्या डॉक्टरीणबाई. देणाऱ्या वहिनी. कोळंबी हलती होती, उभी राहिली, मासा तिच्यापुढे आला, हे पाहिलं वहिनींनी. मी पाहिलेलं नाही. त्यांनी सांगितलं, ते मी खरं धरलं.